जुन्या ई-क्लासमध्ये एसआरएसचा लाल दिवा: निदान कुठून सुरू करावे?

सारथी_पुणे

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची मर्सिडीज ई २८० सीडीआय आहे, म्हणजे जाणकारांच्या भाषेत डब्ल्यू २११. गाडी मूळची दिल्लीची. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई असल्यामुळे मुदत संपत आली तेव्हा आधीच्या मालकांनी ती विकायला काढली, आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन मी ती पुण्यात आणून एमएच १२ वर नोंदवून घेतली. इंजिन, गिअरबॉक्स, एसी यांबद्दल काहीही तक्रार नाही.

यंदा पावसाळा सुरू झाल्यापासून मीटरमध्ये एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग आणि पट्ट्यांच्या यंत्रणेचा, लाल दिवा लागू लागला आहे. चावी फिरवल्यावर तो नेहमीप्रमाणे काही सेकंद लागतो आणि विझतो. पुढे एखादा खड्डा किंवा गतिरोधक आला की मात्र पुन्हा लागतो, आणि गाडी बंद करेपर्यंत जात नाही. कोरड्या दिवशी कधी कधी अजिबात लागत नाही. एका गॅरेजने गाडी न उघडता ‘एअरबॅगचा मॉड्यूल गेला’ असे सांगून लाखाच्या घरातला अंदाज हातात दिला. दुसऱ्या ठिकाणी ‘दिवाच काढून टाकू, एरवी गाडीला काही त्रास नाही’ असा सल्ला मिळाला. माझ्याकडे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे. त्यात बिघाडाचा एकही कोड दिसत नाही.

हा दिवा नेमके काय तपासतो, तपासणीचा योग्य क्रम कोणता, आणि तोवर गाडी चालवावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओहमचा_नियम

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गाडी चालेल, ब्रेक लागतील, पण त्या काळात एअरबॅग आहेत असे धरून चालू नका. मर्सिडीजच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेले असते की हा दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग किंवा पट्टा आवळणारी यंत्रणा चालणार नाही, किंवा नको तेव्हा चालू शकेल. दुसरी शक्यता फार दुर्मीळ असते. पहिली खरी चिंतेची. काम होईपर्यंत लांबचे प्रवास टाळता आले तर उत्तम, आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवू नका.

आता हा दिवा काय तपासतो ते पाहू. गिअर लिव्हरच्या भागात, कन्सोलखाली, बोगद्यावर म्हणजे तळाच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसवलेला एक कंट्रोल युनिट असतो (गॅरेजवाले ज्याला मॉड्यूल म्हणाले तो हाच). त्यातून प्रत्येक एअरबॅगकडे आणि प्रत्येक पट्ट्याच्या टेन्शनरकडे दोन तारांची स्वतंत्र जोडी जाते, आणि तिच्या टोकाला स्क्विब म्हणजे विजेने पेटणारी छोटी कांडी असते. तिचा रोध साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. साधारण ०.४ अँपिअरचा प्रवाह काही सेकंद वाहिला तरी ती पेटू नये, आणि साधारण १.२ अँपिअरचा प्रवाह दोन मिलीसेकंद मिळाला की पेटलीच पाहिजे, अशा बेताने बहुतेक आधुनिक स्क्विब घडवलेले असतात. चावी फिरवल्यापासून युनिट या सगळ्या जोड्यांतून अगदी क्षीण प्रवाह सोडून रोध मोजत राहते. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, मग तार तुटून वाढलेला असो की शॉर्ट होऊन घटलेला, की कोड साठवला जातो आणि दिवा लागतो.

यात दोन ओहम हा आकडा लक्षात ठेवावा. घरातल्या वायरिंगमध्ये एखाद्या जोडात एक ओहम वाढला तर बहुधा कुणाला कळणारही नाही. इथे तो संपूर्ण सर्किटच्या निम्म्याइतका होतो. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीत हा दिवा लागला की एअरबॅग बिघडली असण्यापेक्षा जोड सैल किंवा गंजका झाला असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. खड्ड्यात लागणे, दमट हवेत वाढणे आणि कोरड्या दिवशी न लागणे ही तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे त्याच दिशेने बोट दाखवतात. मॉड्यूल असा हवामान पाहून सहसा बिघडत नाही.

तुमच्या छोट्या स्कॅनरला कोड न दिसणे स्वाभाविक आहे. ती साधने इंजिन आणि प्रदूषणाचे सर्वांना समान असलेले कोड वाचतात. एअरबॅगचा विभाग वेगळा असतो आणि त्याच्याशी बोलायला मर्सिडीजचे झेंट्री किंवा त्या तोडीचे साधन लागते. पुण्यात घरी येऊन असे स्कॅन करून देणारे तंत्रज्ञ आहेत. त्यांना फक्त कोड वाचायला सांगा. पुसू देऊ नका. कोडची पूर्ण ओळ, तो सध्या हजर आहे की फक्त साठवलेला आहे हे, आणि प्रत्येक स्क्विबच्या सर्किटचा प्रत्यक्ष रोध, या तिन्हींचे फोटो काढून इथे टाका. त्याआधी एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

अवघड_वळण

बॅटरीचा व्होल्टेजही पाहून घ्या. या गाडीची मुख्य बॅटरी डिकीत, तळाखाली असते आणि ती म्हातारी झाली की स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज इतका खाली येतो की एअरबॅगपासून सस्पेन्शनपर्यंत सगळेच विभाग तक्रारी नोंदवून ठेवतात. तो कोड खरा असतो, पण रोग तो नसतो.

कोकणकडा

डावीकडच्या पुढच्या सीटखालच्या गालिच्यावर हात दाबून पाहा. वरून कोरडा लागला तरी त्याखालच्या जाड स्पंजमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे टिकून राहते. सनरूफ असेल तर त्याच्या पुढच्या कोपऱ्यांतून पाणी नेणाऱ्या नळ्या पुढच्या खांबातून खाली येऊन दरवाज्याच्या बिजागरीजवळ बाहेर पडतात, आणि झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या हमखास तुंबतात. आमच्या चिपळूणकडे एकाच पावसाळ्यात हे होते.

उंदरांचेही विसरू नका. गाडी पार्किंगमध्ये फार दिवस उभी असेल तर सीटखाली लेंड्या किंवा कापसाचे पुंजके दिसतात का ते टॉर्चने पाहून घ्यावे.

सारथी_पुणे

सर्वांचे आभार. झेंट्री असलेले एक तंत्रज्ञ सोसायटीत येऊन गेले. एअरबॅगच्या विभागात दोन नोंदी निघाल्या. पहिली: ‘पुढच्या डाव्या सीटचा साइड एअरबॅग, रोध फार जास्त’, ही सध्या हजर आणि अधूनमधून येणारी अशी दाखवली. दुसरी: ‘पुरवठ्याचा व्होल्टेज कमी’, ही फक्त साठवलेली होती. बाकीच्या सर्व सर्किटचे रोध दोन ते अडीच ओहमच्या दरम्यान आहेत.

साइड एअरबॅगच्या ओळीवर आकडा स्थिर राहत नव्हता. तंत्रज्ञ लॅपटॉपकडे पाहत बसले आणि मी डावी सीट बटणाने पुढे-मागे केली. सीट पूर्ण मागे असताना २.३ दिसत होते. पुढे सरकू लागली की ते चार, पाच असे चढायचे, एकदा तर थेट मर्यादेबाहेर गेले आणि त्याच क्षणी मीटरमध्ये लाल दिवा लागला. गालिच्याचे म्हणाल तर कोकणकडा यांचा अंदाज खरा आहे. पायाशी दाबल्यावर बोटांना ओल लागली. सनरूफ आहे, आणि गाडी गुलमोहराखाली उभी असते.

ओहमचा_नियम

निदानाचा मोठा भाग इथेच झाला. सीट हलवल्यावर आकडा हलतो, याचा अर्थ दोष सीटबरोबर हलणाऱ्या तारांत किंवा सीटखालच्या कनेक्टरमध्ये आहे. युनिट आणि गालिच्याखालची स्थिर वायरिंग दोषी असती तर सीट सरकवून फरक पडला नसता. ज्यांनी मॉड्यूलचा अंदाज दिला होता त्यांनी एवढे पाच मिनिटांचे काम केले असते तरी पुरे होते.

आता कनेक्टर, तार की खुद्द एअरबॅग, हे ठरवायचे आहे. त्यासाठी वर्कशॉपमध्ये डमी वापरतात: एअरबॅगच्या जागी तेवढ्याच रोधाचा, साधारण दोन ओहमचा तुकडा असलेला प्लग. सीटच्या आतला एअरबॅगचा प्लग काढून तिथे डमी लावला आणि आकडा स्थिर झाला, तर दोष एअरबॅगमध्ये. तरीही हलत राहिला, तर दोष डमीच्या अलीकडे, म्हणजे तारेत किंवा कनेक्टरमध्ये. मल्टिमीटरच्या सुया एअरबॅगच्या स्वतःच्या टोकांना कधीही लावू नका. ‘मीटरचा प्रवाह अगदी कमी असतो’ हे ऐकायला ठीक वाटते, पण कोणत्या मीटरचा, कोणत्या रेंजला आणि त्याची बॅटरी कशी, हे कुणी तपासून पाहत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी लागते, आणि मग थांबावे लागते. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग पेटाव्यात म्हणून युनिटमध्ये कपॅसिटर असतात आणि त्यांत काही काळ ऊर्जा शिल्लक राहते. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, घाई नको. सीटचा प्लग सुटलेला असताना चावी फिरवू नका, नाहीतर नवे कोड साठतील आणि खरे कोणते नि खोटे कोणते ते कळेनासे होईल. (डमीची चाचणी करताना हेच करावे लागते, म्हणून ती साधन हाताशी असणाऱ्यानेच करावी.)

फाटा_डावा

मला हा सगळा व्याप जरा जास्त वाटतो. जुन्या बीएमडब्ल्यू ई ४६ मध्ये सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरचा हाच रोग आहे आणि जगभर लोक त्यावर एकच उपाय करतात: कनेक्टर कापून टाकायचा, तारा थेट एकमेकींना सोल्डर करायच्या, वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी चढवायची. जोडच उरला नाही तर गंज कशाला चढेल? माझ्या गाडीत हे करून बरीच वर्षे झाली, दिवा पुन्हा लागला नाही.

स्टुटगार्टकर

फाटा_डावा यांचा दिवा विझला हे खरे असेल, तरी मी हा उपाय सुचवणार नाही, आणि त्याची कारणे कारखान्यांनी उगाच घातलेल्या भीतीपैकी नाहीत.

त्या पिवळ्या कनेक्टरच्या आत एक छोटी धातूची पट्टी असते. प्लग उपसला की ती पट्टी एअरबॅगच्या दोन्ही टोकांना आपोआप शॉर्ट करते, म्हणजे कपड्यांच्या किंवा सीटच्या घर्षणातून आलेली स्थिर वीज स्क्विबमधून जाऊ शकत नाही. कनेक्टर कापून टाकला की ही सोय गेली. उद्या सीट काढायची वेळ आली तर तारा कापाव्या लागतील, आणि त्या क्षणी कापणाऱ्याच्या हातात उघडी दोन टोके असतील. दुसरे असे की सोल्डर तारेच्या धाग्यांत वर चढतो आणि तिथे तार ताठ होते. डॅशबोर्डमागे हे चालून गेले असते. सीटखाली तीच तार रोज वाकते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे तुटते. शिवाय या दोन तारा एकमेकींभोवती पीळ घालून नेलेल्या असतात, ते सौंदर्यासाठी नव्हे. बाहेरच्या विद्युतचुंबकीय गडबडीचा परिणाम दोन्ही तारांवर सारखा व्हावा आणि स्क्विबच्या टोकांशी तो शून्य व्हावा, यासाठी तो पीळ असतो. दुरुस्तीत तार लांबवून सरळ सोडली की तो गुण जातो.

कारखान्याच्या पद्धतीत कनेक्टरमधले जुने टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची पिन, काढून नवे, योग्य जातीचे टर्मिनल क्रिंप करून, म्हणजे तारेवर घट्ट दाबून, बसवतात. तारच तुटली असेल तर क्रिंपचा जोड देऊन वर चिकट थर असलेली नळी चढवतात, आणि पीळ कायम ठेवतात. खर्च सोल्डरपेक्षा फारसा जास्त नाही, मेहनत जास्त आहे.

इकडच्या नियमांचे एक सांगतो. जर्मनीत एअरबॅगसारख्या पेटणाऱ्या घटकांवर काम करायला स्फोटकांच्या कायद्याखालचे प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो, आणि एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी ठरावीक मुदतीच्या तपासणीत नापास होते. ब्रिटनच्या एमओटी तपासणीतही तेच. त्यामुळे इकडे ‘दिवाच काढून टाका’ हा सल्ला देणाऱ्याला चावी फिरवताना दिवा काही सेकंद लागून विझतो अशी नक्कलही करून द्यावी लागते, आणि दुर्दैवाने तशी नक्कल करणारी सर्किटे बाजारात मिळतात.

तिसरा_गियर

स्टुटगार्टकर यांच्या शेवटच्या वाक्यावरून: जुनी गाडी घेताना हीच चाचणी सर्वांत आधी करावी. चावी दुसऱ्या टप्प्यावर फिरवून फक्त एसआरएसच्या दिव्याकडे पाहा. तो लागलाच नाही तर बल्ब काढलेला किंवा मीटरमध्ये छेडछाड केलेली आहे. तो नेहमी इंजिन ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबरच विझत असेल तर त्याची तार त्या दिव्याला जोडलेली असण्याची शंका घ्यावी. निरोगी गाडीत एअरबॅगचा दिवा आपल्या वेळेने विझतो, इंजिन सुरू झाले की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

ओहमचा_नियम यांनी ज्या दोन ओहमच्या डमीचे वर्णन केले त्याचाच गैरवापरही होतो, हेही नोंदवून ठेवावे. अपघातात एअरबॅग फुटली, नवी महाग पडते, म्हणून स्टिअरिंगवर नुसते नवे कव्हर चढवायचे आणि आत तेवढ्याच रोधाचा तुकडा लावायचा. युनिटला रोध बरोबर दिसतो, दिवा विझतो, स्कॅनरलाही दोष सापडत नाही. अशा वेळी युनिटमध्ये अपघाताची नोंद साठलेली आहे का, कव्हरची शिवण आणि रंग मूळचा आहे का, पट्ट्यांवरच्या लेबलचे साल गाडीच्या सालाशी जुळते का, अशा आडवाटेनेच सत्य शोधावे लागते. स्कॅन स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होणे पुरेसे नाही.

मृण्मयी_के

थोडा वेगळा, पण याच दिव्याचा प्रश्न आहे. आमच्या २०१० च्या बीएमडब्ल्यू ३२०डी मध्ये (ई ९०) डाव्या सीटच्या ‘प्रवासी आहे की नाही’ ओळखणाऱ्या मॅटचा कोड आला आहे. गॅरेजवाले म्हणतात की मॅट बदलायला सीटचे कव्हर उतरवावे लागेल, त्यापेक्षा एक छोटा एम्युलेटर लावू, तो युनिटला ‘सीटवर माणूस बसलेला आहे’ असे कायम सांगत राहील. हे धोक्याचे आहे का?

ओहमचा_नियम

मॅटचा हा दोष त्या गाड्यांत पुष्कळ आढळतो. मॅट सीटच्या स्पंजवर, चामड्याखाली असते आणि तिच्यातले पातळ पट्टे दुमडून तुटतात. मागच्या सीटवरचे सामान काढायला पुढच्या सीटवर गुडघा टेकवून वाकण्याची आपल्याकडे सवय असते. मॅट त्याच जागी मरते.

एम्युलेटरने दिवा विझतो. पुढे तुमच्या वापरावर अवलंबून आहे. रिकाम्या सीटसमोरची एअरबॅगही उघडेल आणि अपघातानंतरचा खर्च वाढेल, हा पैशांचा भाग झाला. लहान मुलाची मागे तोंड करून बसवायची सीट पुढे लावायची असेल तर मात्र हा विषयच बंद करा. तशी सीट चालू एअरबॅग असलेल्या जागी लावायचीच नसते, आणि ‘मॅट बघून घेईल’ या भरवशावर तर अजिबात नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत मॅट माणसाचा आकार आणि वजन यांचा अंदाज घेऊन एअरबॅग बंद ठेवते. तिथे एम्युलेटर लावणे म्हणजे मूल बसले असतानाही एअरबॅग चालू ठेवणे. आपल्याकडच्या गाड्यांतली मॅट इतकी हुशार नसते, म्हणून धोका कमी, पण शून्य नाही. मी मॅट बदलली असती.

कोकणकडा

मृण्मयी ताई, मॅटच्या आधी पट्ट्याच्या बकलकडे एकदा पाहा. पट्टा न लावता सूचनेचा आवाज बंद करणारी ती धातूची क्लिप कुणी त्यात खुपसत असेल तर बकलमधला स्विच बिघडतो, आणि तोही एअरबॅगच्याच विभागात नोंदला जातो. क्लिपमुळे युनिटला पट्टा लावला आहे असे वाटते, आणि एअरबॅग कधी, किती जोराने उघडायची याचा हिशेब त्या खोट्या माहितीवर होतो. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिप यादीतून काढायला लावल्या, तरी रस्त्यावर त्या सर्रास मिळतात.

सारथी_पुणे

काम झाले, त्याचा तपशील पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. तंत्रज्ञांनी बॅटरी सोडवून, सांगितलेला वेळ थांबून डावी सीट चार बोल्टांवरून उचलली. सीटखालच्या कनेक्टरच्या साइड एअरबॅगच्या दोन पिनांपैकी एकीवर हिरवट-पांढरी भुकटी होती. शेजारची पिन मात्र सोन्यासारखी चकचकीत. तारेचे आवरण कुठेही कुरतडलेले नव्हते. सीट उलटी ठेवल्यावर कळले की तारांच्या गुंडाळीला धरणारी प्लॅस्टिकची पकड तुटली होती, त्यामुळे सीट पुढे गेली की गुंडाळी ताणली जाई आणि कनेक्टरला तिरकी ओढ बसे. गंज आणि ओढ एकत्र आल्यामुळेच आकडा सीटबरोबर हलत होता.

डमी लावून पाहिल्यावर आकडा तसाच हलत राहिला, त्यामुळे एअरबॅग निर्दोष ठरली. दोन्ही बाजूंचे टर्मिनल बदलून क्रिंप केले, पीळ राखला, नवी पकड बसवली. नंतर कोड पुसले. सीट टोकापासून टोकापर्यंत सरकवली तरी आकडा २.२ वरून हलत नाही. व्होल्टेजचा कोड परत आलेला नाही, पण बॅटरी चाचणीत कमजोर निघाल्यामुळे तीही बदलून टाकली.

पाण्याचे काम याहून किचकट निघाले. सनरूफच्या डाव्या नळीत पानांचा आणि मातीचा गच्च बोळा होता. दाबाची हवा वरून मारली तर नळी सांध्यावरून सुटू शकते असे तंत्रज्ञांनी सांगितले, म्हणून लवचिक नायलॉनची दोरी घालून हळूहळू तो मोकळा केला. गालिचा वर उचलून खालचा स्पंज पंख्यासमोर ठेवून वाळवावा लागला. हे केले नसते तर नवे टर्मिनलही पुढच्या पावसाळ्यात त्याच ओलीत बसले असते.

आता एक शंका उरली आहे. दिवा विझला आणि सर्व रोध बरोबर आहेत. गाडी सोळा वर्षांची आहे. एअरबॅगच्या आतला मसाला अजून चांगला आहे हे कसे कळावे?

स्टुटगार्टकर

दिव्यावरून ते कळणार नाही. युनिट फक्त विजेचा मार्ग तपासते. पिशवी फुगवणारा मसाला कोणत्या स्थितीत आहे हे मोजण्याचे साधन गाडीत नाही. एअरबॅग बनवणाऱ्या टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरचे, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या भागाचे, प्रकरण नेमके इथेच घडले. त्यांच्या अमोनियम नायट्रेटच्या मसाल्यावर वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा यांचा परिणाम होऊन तो गरजेपेक्षा वेगाने जळू लागला, धातूचे कवच फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले, आणि त्या गाड्यांच्या मीटरमध्ये एसआरएसचा दिवा लागलेला नव्हता. कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावणे, अजून चालू आहेत. होंडापासून बीएमडब्ल्यूपर्यंत अनेक कंपन्यांच्या गाड्या त्यात आहेत, आणि दमट किनारपट्टीवरच्या गाड्यांना धोका अधिक असतो, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा इथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी हे विशेष मनावर घ्यावे.

म्हणून करायचे एवढेच, की चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत केंद्रात किंवा संकेतस्थळावर प्रलंबित रिकॉल आहे का ते विचारा. ही तपासणी फुकट असते आणि रिकॉलचे कामही फुकट होते. गाडी दुसऱ्या राज्यातून आली असेल तर आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले पत्र तुम्हाला कधीच मिळालेले नसते. वयाचे म्हणाल तर जुन्या मर्सिडीजच्या दरवाज्यावर ‘अमुक सालानंतर एअरबॅग बदला’ असे स्टिकर असे. पुढे कंपनीने ते बंद केले. रिकॉल नसेल आणि पाण्यात बुडालेली गाडी नसेल तर केवळ वय झाले म्हणून सगळ्या एअरबॅग बदलाव्यात असे मला वाटत नाही.

फाटा_डावा

सोल्डरबद्दलचे आक्षेप पटले, विशेषतः शॉर्ट करणाऱ्या पट्टीचा. आता माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. माझ्या उजव्या सीटचा साइड एअरबॅग मागच्या मालकाच्या काळात बदललेला दिसतो आणि लेबल फाटलेले आहे. भंगारातून एअरबॅगसकट पूर्ण सीट मिळते आहे, दरही बरा आहे. घ्यावी का?

तिसरा_गियर

सीटचा सांगाडा आणि चामडे घ्यायला हरकत नाही, एअरबॅग मात्र त्यातली वापरू नका. ती गाडी पुरात बुडाली होती की नाही हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत बुडालेल्या किती गाड्यांचे सुटे भाग राज्यभर फिरले हे जुन्या जाणकारांना आठवत असेल. बाहेरून कोरडी दिसणारी एअरबॅग आतून भिजून गेलेली असू शकते, आणि तिचा रोध तरीही दोन ओहमच दाखवेल.

तुमची सीट उतरवाल तेव्हा लेबल फाटलेली एअरबॅग भंगारवाल्याला देऊ नका. ती न फुटलेली आहे असे धरूनच हाताळा: उशीची बाजू अंगापासून दूर, वर काही न ठेवता. नवी एअरबॅग ज्या अधिकृत केंद्रातून मागवाल त्यांच्याकडे जुनी जमा करता येईल का, हे ऑर्डर देतानाच विचारून ठेवा.

फाटा_डावा

विचारले. नवी मागवली की जुनी ते ठेवून घेतात आणि त्याची पावती देतात. ऑर्डर दिली आहे. बसवण्याआधी जुन्या सीटचा कनेक्टर पुन्हा पिवळ्या मूळ जातीचा करून घेणार आहे. टर्मिनलचा नंबर कुणाकडे असेल तर कळवावा.